खडपेबंदरची नावं

दामू,

परवा सकाळी तुझ्या अस्थी रामकुंडावर आल्या, तेव्हा मी सगळ्यांत आधी माणसं मोजली. रडायच्या आधी मोजली. पायऱ्यांवरची, पुलाकडच्या अंगाची, वर धर्मशाळेच्या कट्ट्यावर उभी असलेली. शंभरापर्यंत आलो आणि पुढे मोजता येईना. माझ्या सभांना मी अशीच माणसं मोजायचो, हे तुला माहीत आहे; तिथे मोजणं अर्ध्यावर सोडायची पाळी कधी आली नाही. आपल्यासाठी एवढी माणसं येतील का, असं मनात आलं. तुझा कलश अजून पाण्याला टेकलाही नव्हता.

हे दुसऱ्या कोणाला सांगता येण्यासारखं नाही, म्हणून तुलाच सांगतो.

तुझ्यावर आता लेख येतील. पंचवटीतल्या कोणत्या उपाध्यांच्या घराण्यातला, किती शिकलेला, कसा सेवाभावी, हे त्यांत असेल. मला त्यातलं काही लिहायचं नाही. आपलं भांडण अर्ध्यावर असताना तू उठून गेलास, आणि तुझा सर्वांत जवळचा मित्र पंधरा वर्षं तुझ्यावर जळत होता ही गोष्ट कोणाच्याच लेखात येणार नाही. ती मी लिहितो.

शाळेतल्या वक्तृत्वाच्या चढाओढीपासून धर. मी तीन आठवडे भाषण पाठ केलं होतं. गोदावरीच्या वाळवंटात उभा राहून पाण्याला ऐकवलं होतं. तुझं नावच नव्हतं यादीत. कोणीतरी आजारी पडला म्हणून मास्तरांनी तुला उभं केलं, आणि तू तुमच्या शेजारच्या तांबटाबद्दल बोललास. ठोके मारून मारून बहिरा झालेला तो म्हातारा भांड्यावर बोट टेकवून ठोका बरोबर पडला की नाही ते कसं ओळखतो, एवढंच. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. बक्षिसाचं पुस्तक तू वाटेतच माझ्या हातात दिलंस. 'मी वाचणार नाही रे. तुझ्या उपयोगी पडेल.' हरल्याचं मला इतकं लागलं नव्हतं.

माझं बालपण तुला ठाऊक आहे. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. जादा छापलेल्या, बिघडलेल्या पत्रकांचे गठ्ठे घरी यायचे आणि त्यांवर मी वाचायला शिकलो. दारू सोडा, हुंडा देऊ नका, परदेशी कापड जाळा, देवळांची दारं उघडा. इतर मुलं राजाराणी ऐकून मोठी झाली, मी 'बंधुभगिनींनो' ऐकून मोठा झालो. माझी खात्री होती की जगात जे काही वाईट आहे ते एका नीट लिहिलेल्या पत्रकाने हलतं. अठराव्या वर्षी पहिलं पत्रक काढलं ते तुमच्याच धंद्यावर. 'घाटावरची लूट.' छाती पुढे काढून तुझ्या हातात दिलं. तू पायरीवर टेकून शेवटपर्यंत वाचलंस आणि पेन्सिल मागितलीस.

'इथे दक्षिणेचा आकडा चुकलाय, संपादक,' तू म्हणालास. 'आम्ही याहून जास्त घेतो.'

तेव्हापासून तू मला संपादक म्हणायला लागलास. मी कशाचाच संपादक नव्हतो. तुझ्या तोंडून मात्र ते खरं वाटायचं, आणि याचाही मला राग यायचा.

आपलं खरं भांडण वहीवरून. तुमच्या घरी लाल कापडात बांधलेल्या वह्या. दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरची काही गावं तुमच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लावून दिलेली. तिथलं माणूस नाशकात आलं की त्या गावचं पान उघडायचं, त्याच्या आज्या-पणज्याचं नाव वाचून दाखवायचं, घरात नवं कोण जन्मलं ते लिहून घ्यायचं. तू म्हणायचास, ही गावाची आठवण आहे, गावापाशी नाही म्हणून आमच्यापाशी ठेवलेली. मी म्हणायचो, ही गिऱ्हाइकांची यादी आहे. आणि यादीत सगळं गाव तरी कुठे आहे, जे तुमच्या पायरीवर उतरू शकतात तेवढेच. यावर तू गप्प बसायचास. तू गप्प बसलास की मला जिंकल्यासारखं वाटायचं नाही. तू विचार करतो आहेस असं वाटायचं, आणि मी नुसता बोललो असं.

मग ते पत्र आलं.

दिवाळी होऊन थोडे दिवस झाले होते. वर्तमानपत्रात कोपऱ्यात दोन ओळी येऊन गेल्या होत्या, किनाऱ्यावर तुफान, काही गावांचं नुकसान. खडपेबंदरचं नावही नव्हतं. पत्र तिथल्या शाळेच्या गुरुजींनी हजेरीच्या पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने लिहिलं होतं. खारवीवाडा आणि दालदीवाडा दोन्ही गेले. खारवी म्हणजे तिकडचे हिंदू कोळी आणि दालदी म्हणजे मुसलमान, हे तू मला सांगितलंस. होड्या फुटल्या किंवा वाहून गेल्या, जाळी गेली, विहिरींत समुद्र शिरला. आगबोट लांब उभी राहते, तिच्यापर्यंत जायला होडी उरली नाही. आणि शेवटी: 'आमच्या गावाला बाहेरच्या जगातला एकच पत्ता पाठ आहे, म्हणून आपणांस लिहितो.'

मी ते वाक्य दोनदा वाचलं. मी गरिबांवर इतकी पत्रकं काढली, दामू. एका गावाला सुद्धा माझा पत्ता पाठ नव्हता.

'तू लिही,' तू म्हणालास. 'हे तुझं काम आहे.'

मी लिहिलं. 'खडपेबंदरची हाक', चार पानी. मला ते अजून चांगलं वाटतं. मेन रोडवर, सराफात, भद्रकालीत वाटलं. दुसऱ्या दिवशी चिवडेवाल्याने मला त्यातच चिवडा बांधून दिला. सभेला अकरा माणसं आली आणि त्यातली दोन नंतरच्या कीर्तनासाठी जागा धरून बसली होती. जमलं काय, तर चार धोतरं आणि एक मोडकी छत्री.

'छत्री कशाला दिली असेल?' मी वैतागून विचारलं.

'तू वादळ म्हणालास ना. त्याने जेवढं ऐकलं तेवढं दिलं.'

मला हसू आलं नाही. आज आलं असतं.

त्यानंतरच्या सकाळी तू वही घेऊन रामकुंडाच्या पायरीवर बसलास. ना कोणाला बोलावलंस, ना मदतीचा शब्द काढलास. वही उघडून आपला वाचत गेलास. तुझा तो आवाज, मोठा न होता लांब जाणारा. 'खडपेबंदर. धाकोजी तांडेल. त्याचा मुलगा हरजी. हरजीची बायको गंगा. विठोजी. विठोजीची आई जनी...' घाटावर नावं वाचली जातात ती गेलेल्यांची, हे नाशकात कोणाला सांगावं लागत नाही. स्नानाला आलेली माणसं ओल्या पंच्यानिशी थांबली. बायका थांबल्या. पानफूल विकणारी भागाबाई टोपली सोडून जवळ आली.

'...आणि हरजीचं एक तान्हं, नाव ठेवायचं आहे.'

'तान्हं बी गेलं रं बाबा?' भागाबाई म्हणाली.

तू पान उलटलंस. बोलला काहीच नाहीस.

मी तुझ्या मागेच उभा होतो. मला पान दिसत होतं. शाई तपकिरी झालेली, अक्षर तुझ्या आजोबांचं. ती माणसं वादळात गेली नव्हती, तुझ्या आजोबांच्या वेळची होती. मी बोलायला तोंड उघडलं तोवर भागाबाईने कनवटीचं सोडून तुझ्यासमोर ठेवलं होतं. दुपारपर्यंत तांबट आळीतून हंडे-कळशा यायला लागल्या. एका दुकानदाराने कापडाचे तागे पाठवले. विंचूरहून आलेल्या माणसाने कांद्याची गाडी तशीच तुमच्या दारात सोडली. न्हाव्यांनी एका दिवसाची कमाई देऊ म्हटलं. माझ्या चार पानांनी जे हललं नाही ते तुझ्या एका पानाने हललं होतं, आणि त्या पानात वाक्यसुद्धा नव्हतं.

'हे खोटं आहे, दामू.'

'मी एक शब्द खोटा वाचला का?'

'लोकांना वाटतंय ही माणसं वादळात मेली.'

'मी तसं म्हणालो नाही.'

'तू तसं नाही, असंही म्हणाला नाहीस. भागाबाईने सरळ विचारलं तुला.'

तुझा चेहरा उतरला. 'हो,' तू म्हणालास. 'तिथे माझं चुकलं. पण आत्ता जी उपाशी आहेत त्यांची नावं माझ्यापाशी नाहीत रे. ती पुढच्या खेपेला येऊन सांगणार होती. माझ्यापाशी जी होती ती वाचली.'

'आणि दालदीवाडा? तो कोणत्या वहीत आहे?'

तू वहीचं लाल कापड बांधायला घेतलंस.

इथे मी थांबायला हवं होतं. तू चूक कबूल केली होतीस. उद्या घाटावर जाऊन तूच सांगितलं असतंस. मी थांबलो नाही. थेट छापखान्यात गेलो आणि स्वतः खिळे जुळवले. 'घाटावर वाचली जाणारी नावं कोणाची?' सत्यासाठी लिहितो आहे असं मी स्वतःला सांगितलं, आणि त्यात सत्य होतंही. पण हात ज्या वेगाने चालत होते तो वेग सत्याचा नव्हता. तुला वाचताना लोक ज्या नजरेने बघत होते, ती नजर मला मोडायची होती. त्या पत्रकात मी लिहिलं: 'या वहीतील एकही माणूस आज जिवंत नाही.' चौकशी करायची मला गरजच वाटली नाही.

पत्रक वाटलं गेलं आणि देणं थांबलं. दुसऱ्या सकाळी तुमच्या दारात दोन माणसं हंडे परत मागायला आली. तिकडे मुंबईहून आगबोट ठरल्या दिवशी सुटणार होती. सामान त्याआधी पोचलं नाही तर पुढच्या बोटीपर्यंत गाव तसंच राहणार होतं. मला हे माहीत होतं, दामू. पत्रक वाटताना माहीत होतं.

तू पुन्हा त्याच पायरीवर बसलास. मी पुलाशी उभा होतो, लोक तुला काय बोलतात ते ऐकायला. तू वही बंद ठेवलीस. सदऱ्याच्या खिशातून माझं पत्रक काढलंस आणि मथळ्यापासून वाचायला सुरुवात केलीस.

सगळं वाचलंस. तुझ्यावरचे शब्दही वाचलेस, 'धूर्त' सुद्धा, जसं एखादं नाव वाचावं तसं. मग म्हणालास, 'हे खरं आहे. ही माझ्या आजोबांच्या वेळची माणसं. भागाबाईने विचारलं तेव्हा मी बोललो नाही, ती माझी चूक. ज्याला आपलं परत न्यायचं असेल त्याने माझ्या दारातून न्यावं.' आणि मग माझा शेवटचा परिच्छेद वाचलास. त्यात मी लिहिलं होतं की ज्यांची नावं कोणत्याच वहीत नाहीत त्यांच्याही घरी चूल पेटलेली नाही, आणि भूक कोणाला कुठलं गाव, कुठला धर्म असं विचारत नाही. मी ते वाक्य खिळ्यांत बसवलं तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. तुझ्या आवाजात ऐकलं तेव्हा ते मला पहिल्यांदा खरं वाटलं.

हंडा परत न्यायला आलेल्या दोघांतला एकजण हंडा तिथेच ठेवून गेला. दुसरा घेऊन गेला, त्यालाही तू नमस्कार केलास. दुपारी भद्रकालीतला सुताचा व्यापारी करीमभाई स्वतः चालत तुमच्याकडे आला. 'वो दालदी लोगांसाठी बोलला ना तुम्ही,' म्हणाला, 'त्यांना जाळ्यासाठी सूत लागेल. माझ्याकडचं घ्या.'

आणि त्या सकाळी पुलाशी माझ्या शेजारी उभा असलेला एक गृहस्थ मला म्हणाला, 'काय लिहितो हो हा दामू.'

मी त्याला दुरुस्त केलं नाही. सत्याचा एवढा कैवारी मी, पण तिथे बोलता आलं नाही.

नाशिकरोड स्टेशनावर तुझं सामान गाडीच्या ब्रेकच्या डब्यात चढलं. तू पेरूंची पिशवी माझ्यापुढे धरलीस. 'चल माझ्याबरोबर. तिथे लिहिणारा माणूस हवा. जिवंत आहेत त्यांची नावं लिहून आणायची. घरोघर. दालदीवाड्यासकट. तूच तर म्हणालास.'

'प्रुफं पडली आहेत.'

'किती दिवसांची?'

'सांगता येत नाही.'

'बरं,' तू म्हणालास. मग छापखान्यातले कडेचे कापलेले कोरे कागद मागितलेस. एवढं मी दिलं. प्रुफं नव्हती, दामू. तुझ्याबरोबर होडीतून उतरायचं, आणि किनाऱ्यावरची माणसं धावत येऊन तुझ्या गळ्यात पडताना मी बाजूला उभं राहायचं, हे मला नको होतं. गाडी हलली तेव्हा तू खिडकीतून ओरडून काहीतरी सांगितलंस. मी मान हलवली. मला ऐकू आलं नव्हतं.

पुढचं तुझ्या पत्रांतून कळलं. विहिरी उपसतो आहेस. सूत निम्म्या जाळ्यांना पुरलं. खारवी आणि दालदी एकाच माडाखाली बसून जाळी विणतात आणि एकमेकांची गाठ चुकली म्हणून भांडतात. मी तीनपैकी एकाच पत्राला उत्तर दिलं, तेही कार्डावर. माघात गुरुजींचं पत्र आलं. ताप, आठ दिवस. मला वाटलं होतं आपल्याला भांडायला अजून चाळीस वर्षं आहेत.

परवा तुला घेऊन दोघं आले. एक राघोजी तांडेल, सत्तरीला टेकलेला, आणि एक हसन, तुझ्या-माझ्या वयाचा. बोटीतून आणि गाडीतून आळीपाळीने कलश मांडीवर घेऊन आले होते. हसन घाटाच्या वरच्या पायरीवर थांबला. विधी झाल्यावर तुमच्या घरी तुझ्या नानाकाकांनी रीतीप्रमाणे खडपेबंदरचं पान उघडलं. कोण आलं, कोणाच्या अस्थी घेऊन आलं, ते लिहायचं. नानाकाकांची लेखणी हसनच्या नावाशी थांबली.

'याचं नाव... या वहीत कसं,' ते पुटपुटले.

तुझी आई आतून बाहेर आली. तिने डोळे पुसले नव्हते. 'माझ्या मुलाला मांडीवर घेऊन आलाय तो. लिहा, भावजी.'

नानाकाकांनी लिहिलं. मी पंधरा वर्षं वाद घालून जे झालं नाही ते तुझ्या घरात एका वाक्याने झालं, आणि ते वाक्यही माझं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, जरा उशिराने.

मग राघोजी वहीवर वाकला. 'माझा नाव ह्याच्यात नाय,' तो म्हणाला. 'माझी आवस मला पोटाशी घेऊन आली होती, तवा बारसा झाला नव्हता. आमच्याकडं भटजींनी सांगितलानी. हरजीचा तान्हा, तो मी.'

दामू, मी ती तपकिरी ओळ पुन्हा वाचली.

राघोजीने माझ्याकडे पाहिलं. 'तुमी ते संपादक? भटजी बोलायचे, नाशकात माझा दोस्त हाय, त्याने लिवलान म्हणून ह्या सूत आला. तुमचा कागद आमाला वाचून दाखवलानी. दालदीवाड्यातपन.'

'दोनदा,' हसन म्हणाला. 'आमच्या आईने पुन्हा वाचायला लावलं.'

म्हणजे माझं पत्रक समुद्राकाठी पोचलं होतं. ज्यात मी तुला धूर्त म्हटलं ते. तू ते शब्द तिथे वाचलेस की गाळलेस, हे मी त्यांना विचारलं नाही.

राघोजीने तेलकट फडक्यातून कागद काढून माझ्या हातात दिले. माझ्याच छापखान्यातले, कडेचे. तुझ्या अक्षरात घरोघरची नावं, खारवीवाडा, मग दालदीवाडा, शेवटी पुन्हा खारवीवाड्यातलं एक घर. ते तुझ्या मुक्कामाचं, म्हणून शेवटी ठेवलेलं. 'राघोजी हरजी तांडेल. बायको पारू. मुलगा धाकू. सून. नात दोन वर्षांची.' आणि राघोजीच्या नावासमोर, बारीक अक्षरात: 'वहीतला तान्हा. संपादकांना दाखवणे, त्यांचा आकडा चुकलाय.'

तू मला शेवटचं हेच सांगितलंस. मी ते वाचून आधी हसलो. बाकीचं नंतर.

जाळी अजून निम्मी राहिली आहेत. सूत हवं आहे, आणि पावसाळ्यासाठी समुद्र बंद व्हायच्या आत हवं आहे. राघोजी आणि हसन मुंबईची गाडी पकडायच्या आधी मला विचारून गेले, काय होईल का. मी काल दिवसभर पत्रक लिहीत बसलो. चार पानं झाली, चांगली झाली. मग ती बाजूला ठेवली आणि आज सकाळी तुझे कागद घेऊन पायरीवर जाऊन बसलो.

माझा आवाज चिरका आहे. पहिली दहा नावं पाण्यातच गेली. ओल्या पंच्यातली दोन माणसं थांबली, मग तिसरं. भागाबाई टोपली घेऊन आली.

'आता कोण गेली रं?'

'कोणी नाही, भागाबाई. ही सगळी जिवंत आहेत.'

'जिवंतांची नावं घाटावर कशाला वाचतोस?'

'त्यांना जाळी विणायला सूत हवंय.'

ती बसली. मी वाचत राहिलो. फातमा, तिचा मुलगा हसन. हसनची बायको. विठोजीचा नातू. माणसं येऊन उभी राहत होती, मी मोजली नाहीत. करीमभाई मागे कधी आला ते मला कळलं नाही. शेवटच्या कागदावर आलो. राघोजी, पारू, धाकू, सून, नात.

त्या घराखाली आणखी एक ओळ आहे. तू घरोघर प्रामाणिकपणे लिहीत गेलास, ज्या घरात जो जेवतो तो त्या घरचा, म्हणून तीही लिहिली आहेस. मला ती गाळता आली असती. ती आता खरी नाही, हे पायरीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. परवा ते सगळे इथेच होते. मी खोट्याविरुद्ध पत्रकं काढणारा माणूस आहे.

मी वाचलं. 'सध्या वस्तीला, दामोदर, नाशिककर.'

भागाबाईने टोपलीतलं एक पान सरळ केलं.

कागदावर जे होतं तेवढंच मी वाचलं, दामू. एक शब्दही माझ्या पदरचा नाही. उद्या कोणाला यावर पत्रक काढायचं असेल, तर खिळे मी जुळवून देईन.